अर्धा किलो हिंमत

पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर एका ठेकेदार भाऊंनी मला रिव्हॉल्वरचं शास्त्र शिकवलं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध निर्माणीनं 'निर्भीक' बाजारात आणलं. टायटॅनियम मिश्रधातू, .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये. खास महिलांसाठी, पर्स हलकी राहावी म्हणून. एवढे पैसे मोजल्यावर ती तशीही हलकीच राहिली असती म्हणा!

जुनं पोलादी याहून बरंच जड. "हलकं घेतलं तर बार काढताना हात झटकते, जड घेतलं तर पायजमा सुटते," भाऊंनी निष्कर्ष सांगितला. पहिल्या अर्ध्याला भौतिकशास्त्राचा पाठिंबा आहे. गोळी तीच आणि हत्यार हलकं, म्हणजे धक्का जास्त. दुसरा अर्धा बहुधा स्वानुभव.

आणि लपवायचं कुठे? नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर, अंगात पातळ कुडता. त्याखाली अर्धा किलो, म्हणजे चार संत्री. तशी लपवायची घाई असते कोणाला? लग्नाच्या मांडवात कुडता नेमका त्याच बाजूनं वर सरकतो. हौसेखातर हवेत बार काढणं मात्र शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं महाग केलंय: दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"मग भाऊ, तुमच्या कमरेला सध्या कोणतं?"

"सध्या? आचारसंहिता आहे ना बाप्पा! ठाण्यात जमा आहे."