शर्तींवर आलेला मारुती

रायगडच्या किनारपट्टीवर मारुतीची वाण कधी पडलेली नाही. मांडव्यापासून खाली श्रीवर्धनापर्यंत उतरत गेले तर ज्या गावाला धड रस्ता नाही, ज्याच्या बंदरात होडीला नांगर टाकावयास जागा नाही आणि ज्याच्या शाळेला दुसरा मास्तर मिळत नाही, त्याही गावाच्या वेशीवर शेंदराची पुटे चढून चढून नाकडोळे दिसेनासे झालेला एक मारुती हटकून उभा असतो. त्याच्यापाशी आमची माणसे फारसे काही मागत नाहीत. बुद्धीसाठी गणपती आहे, नवसासायासाला कुलस्वामिनी आहे आणि जमिनीच्या तंट्यांसाठी अलिबागेत वकील आहेत. मारुतीकडून अपेक्षा एवढीच, की त्याने वेशीवर उभे राहावे आणि गावात जे येऊ नये ते येऊ देऊ नये. आणि ही चाकरी तो विनातक्रार, विनावेतन आणि बदलीचा अर्ज न करता पिढ्यान्‌पिढ्या बजावीत आलेला आहे.

अशा ह्या बिनबोभाट व्यवहारात ऑक्टोबर २००५मध्ये 'हनुमान' नावाचा सचेतन चित्रपट येऊन दाखल झाला. सिल्व्हरटून ह्या संस्थेने चितारलेल्या त्या पूर्ण लांबीच्या बोलपटाच्या दिग्दर्शकांत व्ही. जी. सामंत हे नाव होते, आणि आडनाव ऐकताच मनुष्य आपल्या मुलखातला असला पाहिजे असा निकाल आमच्या आळीने कोणत्याही चौकशीवाचून देऊन टाकला. त्यात हनुमंताला मुकेश खन्नांचा आवाज होता. ज्या कंठाने दूरदर्शनवर भीष्मप्रतिज्ञा केली आणि पुढे शक्तिमान होऊन गिरक्या घेतल्या, तोच कंठ आता द्रोणागिरी उचलणार म्हटल्यावर पात्रतेविषयी शंका घेण्याचे कोणास कारणच उरले नाही.

हा चित्रपट मी चौलला, आमच्या आळीतल्या मारुतीसमोर, हनुमान जयंतीच्या रात्री पाहिला. पहाटे जन्म होऊन सुंठवडा वाटला गेला होता, दुपारी महाप्रसाद उरकला होता आणि रात्री मंडळाने भजनाच्या जागी त्या वर्षी 'सिनेमा' ठेवून वडीलधाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली होती. मांडववाल्याची पांढरी कनात दोन पोफळींच्या मध्ये ताणलेली, तिच्यावर मध्येच एखादा पाकोळीएवढा किडा येऊन बसे आणि सीतेच्या गालावरून चालत जाई. पण बाळमारुतीने सूर्याला फळ समजून आकाशात झेप घेतली, तेव्हा आळीतली एकूण एक पोरे जमिनीपासून वीतभर वर उचलली गेली होती, असे मी आजही शपथेवर सांगावयास तयार आहे.

समुद्रोल्लंघनाच्या प्रसंगाचे मोल तर घाटावरच्या मुलांना कळणेच शक्य नाही. आमच्याकडे समुद्र ओलांडणे हा पुराणातला चमत्कार नसून दर आठवड्याची अडचण होती. मुंबई समोर दिसते, रात्री तिचे दिवे मोजता येतात, पण तिथे जावयाचे तर तेव्हा मांडव्याहून गेटवेची लाँच, आणि ती पावसाळ्यात बंद. मग पेण-पनवेलचा वळसा घालून, वडखळच्या नाक्यावर तासन्‌तास खोळंबून, एस.टी.ने हाडे खिळखिळी करून घेत जावयाचे. अशा मुलखातल्या मुलासमोर जेव्हा एक वानर महेंद्र पर्वतावर उभा राहतो, अंग फुगवतो आणि लाँचच्या वेळापत्रकाची यत्किंचितही विचारपूस न करता शंभर योजने पार करतो, तेव्हा त्या मुलाच्या मनात जे उसळते त्याला नुसती भक्ती म्हणणे अपुरे ठरेल. पुढले कित्येक महिने आळीत सुंभाच्या शेपट्यांना तोटा नव्हता. कोणाच्या तरी विहिरीचा दोर रोज नाहीसा होई आणि संध्याकाळी कोणाच्या तरी चड्डीला बांधलेला सापडे. लंकादहनाचा प्रयोग मात्र एका गवताच्या उडवीजवळ, काडी ओढण्याच्या क्षणी, वरिष्ठांच्या हस्तक्षेपाने स्थगित झाला.

अशी आमची मनोभूमी तयार असताना डिसेंबर २००७च्या अखेरीस 'रिटर्न ऑफ हनुमान' प्रदर्शित झाला, आणि त्याची तबकडी पुढच्या जयंतीस आमच्या कनातीपर्यंत येऊन पोचली. ह्या वेळी दिग्दर्शक होते अनुराग कश्यप. ह्याच गृहस्थांचा 'ब्लॅक फ्रायडे' त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, न्यायालयात पुष्कळ अडकून पडल्यानंतर, एकदाचा पडद्यावर आला होता. तो १९९३च्या बाँबस्फोटांवरचा, आणि त्या स्फोटांचा दारूगोळा उतरला होता तो आमच्याच जिल्ह्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर. वेशीवरच्या मारुतींच्या आजवरच्या निष्कलंक सेवापुस्तकात तेवढी एक नोंद राहून गेलेली आहे. तात्पर्य, त्या वर्षाच्या आरंभी आमच्या किनाऱ्याच्या लज्जेचे प्रकरण हाताळलेल्या हाती वर्षाच्या शेवटी आमच्या किनाऱ्याचा राखणदार सोपविण्यात आला होता. पण ही संगती त्या रात्री आळीत कोणालाच ठाऊक नव्हती, आणि असती तरी सुंठवड्याच्या वाटपात फरक पडला नसता.

चित्रपट सुरू झाला तो स्वर्गात, आणि स्वर्ग पाहतो तो काय, एक कचेरी! पृथ्वीवर एका दुबळ्या मुलाला दांडगी पोरे छळतात हे पाहून हनुमंताला कळवळा येतो, आणि तो खाली जाण्याची इच्छा प्रकट करतो. इथवर सर्व यथास्थित होते. आता हा उडी मारणार, म्हणून आम्ही पोरे मांड्या सरसावून बसलो. पण उडी कसली! प्रकरण ब्रह्मदेवापुढे गेले. ब्रह्मदेवाने पृथ्वीवर मनुष्यजन्म घेण्यास मंजुरी दिली ती शर्तींवर. माणसासारखे वागावे लागेल असा करारनामा झाला, आणि त्याला, ज्याने रावणाच्या भर दरबारात स्वतःच्या शेपटीचे आसन करून घेतले असे आम्ही ऐकत आलो होतो, त्या महारुद्राने निमूटपणे मान्यता दिली.

प्रेक्षकांत आमच्या आळीचे सेवानिवृत्त तलाठी भाऊसाहेब पुढच्याच खुर्चीवर होते. सबंध हयात दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेल्यामुळे त्यांना कागद दिसला की त्यातला दोष आधी दिसे.

"मुद्रांक कुठे आहे ह्याला?" ते मोठ्याने म्हणाले. "साक्षीदारही नाहीत."

पण खरा हल्ला माझ्या आजीने चढविला. पडद्यावर हनुमान मारुती नावाचा बालक होऊन जन्माला आला, बायाबापड्या कौतुकाने "गं बाई" म्हणाल्या, आणि त्या कौतुकात आजीचा आवाज वाढला, "अरे, पण हा मेला कधी?"

क्षणभर कोणाच्या लक्षात येईना. आजी दर वाढदिवसाला आम्हा नातवंडांना ओवाळताना सात चिरंजीवांची नावे म्हणत असे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम, ह्यांतले एकही नाव गळाले तर ओवाळणी पुन्हा पहिल्यापासून. तिचे म्हणणे असे, की हनुमंत चिरंजीव. रामकथा जिथे चालते तिथे तो बसलेला असतो, आणि म्हणून कीर्तनात त्याच्यासाठी पाट मांडून ठेवतात. जो इथून गेलाच नाही, तो परत कसा येईल? आणि ज्याला मरणच नाही, त्याला दुसरा जन्म कुठून आणता?

"काकू, तुमचा मुद्दा कायद्याला धरून आहे," भाऊसाहेब खुर्ची वळवून म्हणाले. "मूळ खातेदार हयात असताना वारसाची नोंद धरता येत नाही. हा फेरफार सर्कलसाहेबांनी जागच्या जागी नामंजूर केला असता."

वास्तविक चित्रपट टाकाऊ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात थट्टा होती, दलेर मेहंदींचे एक दणदणीत गाणे होते, राहू-केतू होते, आणि दप्तरी स्वर्गाची कल्पना तर, आज सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविल्यावर मला कळते, चांगलीच मार्मिक होती. मुंबईच्या मुलांना ती रुचलीही असेल. पण त्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. देवाला मुलांजवळ आणावयाचे तर त्याला मुलांसारखा करावा, शाळेत घालावा, असा कोणीतरी सद्भावनेने विचार केला होता; आणि मुलांसारखी मुले तर आमच्याकडे पुष्कळ होती. शाळेत जाणारे, वर्गातल्या दांडग्यांचा मार खाणारे, करू नका म्हटलेल्या गोष्टींची यादी डोक्यावर घेऊन फिरणारे, असे आम्ही सगळेच होतो, आणि म्हणून तर शेपट्या लावीत होतो. ज्याच्या अंगावर आपली सर्व बंधने एकदम सुटलेली दिसावीत, त्यालाच बंधनांचा मसुदा वाचून दाखविण्यात येत होता. माझ्या शेजारचा पोर मध्यंतराच्या सुमारास शेपटी सोडून विहिरीचा दोर परत करावयास उठला, ह्याहून कडक परीक्षण मी पुढे कोणत्याही वर्तमानपत्रात वाचलेले नाही.

माझा मामा पेणेस गणपतीच्या कारखान्यात आखणीचे काम करी. त्या धंद्यात माती मळणारा वेगळा, साचा भरणारा वेगळा, रंगाचा फवारा मारणारा वेगळा आणि डोळे काढणारा वेगळा. आखणी येणारे हात मोजके असतात. मूर्ती गुडघ्यात धरायची, बारीक कुंचल्याला काळा रंग घेऊन त्याचे टोक बोटाच्या नखावर फिरवून अणकुचीदार करायचे, आणि श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. ती मध्ये थांबली तर पुसून चालत नाही, मूर्ती पुन्हा रंगवावी लागते. मग बुबुळ, आणि बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका सुताइतका सरकला तरी देव गिऱ्हाइकाकडे पाहावयाचा सोडून शेजारच्या दुकानाकडे पाहू लागतो. असा हा डोळ्यांतला मनुष्य जयंतीला चौलास आला होता, आणि सबंध चित्रपटभर एक अक्षर बोलला नव्हता. संपल्यावर मी विचारले, "मामा, कसा वाटला?"

"अंग बरं केलंय," तो तंबाखू झाडीत म्हणाला. "नजर नाही रे. पहिल्यातला समोर बघत होता. हा सारखा आपण हसतोय का, ते बघतोय."

ह्यात जरा व्यावसायिक त्रासही मिसळलेला असावा. त्याच सुमारास 'बाल गणेश' नावाचा चित्रपट येऊन गेला होता, आणि गुटगुटीत, खट्याळ गणपतींची मागणी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना चित्रातल्यासारखेच टपोरे डोळे हवे असत. पुढे २००९मध्ये त्याचाही दुसरा भाग निघाला, तेव्हा मामाने चष्म्याचा नंबर वाढल्याचे निमित्त सांगून बालमूर्तींची आखणी दुसऱ्याकडे दिली.

दुसऱ्या भागाची ही व्याधी आमच्याच देवांना जडली असे मात्र नाही. वॉल्ट डिस्नेच्या देखरेखीखाली झालेला अखेरचा सचेतन चित्रपट म्हणून ज्याची ख्याती, त्या १९६७च्या 'द जंगल बुक'चाही वंशविस्तार २००३मध्ये करण्यात आला, आणि मोगलीला गावातून पुन्हा जंगलात पळवून आणण्यापलीकडे त्यात नवे असे थोडेच निघाले. उलट आमच्या जिल्ह्यापुरता एक सुखद अपवाद नोंदविला पाहिजे. माझ्याहून वडील भावंडांची पिढी १९९३च्या सुमारास दूरदर्शनवर जी जपानी 'जंगल बुक' मालिका पाही, तिच्यातल्या हिंदी शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या मनुष्याचा होता. २०१६मध्ये नवा 'जंगल बुक' हिंदीत आला तेव्हा शेरखानासाठी पुन्हा नानाच गुरगुरले, आणि सगळा किनारा तृप्त झाला. वाघ वाघ म्हणूनच परत आला होता. मनुष्यासारखे वागेन असा मुचलका त्याच्याकडून कोणी लिहून घेतला नव्हता.

'रिटर्न ऑफ हनुमान' दाखविल्याच्या पुढील वर्षी आमच्या मंडळाने रीतसर सभा बोलावली. एका तरुण सभासदाने, नवे तेच दाखवावे, मुलांना बदल हवा असतो, अशी सूचना मांडली. तिला अनुमोदक मिळाला नाही. आजीने स्त्रियांच्या बाजूने निरोप धाडला, की ह्या मारुतीपुढे तो दुसरा मारुती पुन्हा लावल्यास सुंठवडा आमच्या घरून येणार नाही. ह्या धमकीची गंभीर दखल घेण्यात येऊन पहिलाच चित्रपट दाखविण्याचा ठराव एकमताने संमत झाला. परंतु पहिली तबकडी अतिवापराने चरे पडून कामातून गेली होती. ऐन समुद्रोल्लंघनात ती अडके, हनुमंत लंका आणि रामेश्वराच्या दरम्यान हात पसरून लटकत राही, आणि पडदेवाल्याने ती काढून सदऱ्याला पुसून पुन्हा घातली की गाडी थेट लंकादहनावर जाई. तेव्हा नवी प्रत आणण्यासाठी खजिनदारांना अलिबागेस पाठविण्यात आले. दुकानदाराने पहिला भाग सुटा देण्यास नकार दिला. दोन्ही एकाच वेष्टनात, किंमत एकत्र, घ्यावयाचे तर घ्या. खजिनदार घासाघीस करून, चहा पिऊन, जोडी घेऊन आले.

पहिला भाग त्या रात्री लागला, आणि सुंठवडा वेळेवर आला. दुसऱ्याचे काय करावे ह्याविषयी थोडा खल झाला. देवाचे चित्र असल्यामुळे टाकून देता येईना, आणि आजी असेतोवर लावता येईना. अखेर भाऊसाहेबांनी मंडळाची जडसंग्रह नोंदवही मागविली आणि समया, सतरंज्या व ध्वनिक्षेपक ह्यांच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात नोंद घेतली: "हनुमान, नग दोन. पैकी एक वापरात."