रेषेबाहेरच्या पकडवीरास खुले पत्र

प्रति,
श्रीयुत डावा कोपरा
(नाव छापत नाही. महाडपासून पोलादपूरपर्यंत ज्याला त्याला आपापल्या गावचा ओळखता येईल.)



सर्वप्रथम त्या रात्रीच्या पकडीबद्दल हार्दिक अभिनंदन. शेवटची चढाई, एका गुणाचा फरक, आणि तुम्ही घोटा असा धरलात की समोरचा गडी जागच्या जागी बसला. पोरं मैदानात घुसली. माइकवाल्याने लगेच ‘या पकडीला शंभर रुपये’ जाहीर केले. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. फक्त एक बारीकसा तपशील निसटला. घोट्याला हात घालण्याआधी तुमचा डावा पाय बाजूरेषेच्या बाहेर पडला होता. कुठे, ते मला नक्की सांगता येतं, कारण तो माझ्या चपलेवर पडला होता.

पुढचं तर आणखी कौतुकास्पद. शिट्टी वाजताच तुम्ही पंचांकडे धावलात, आणि जाताना त्या जागची फक्की पायाने पुसून टाकलीत. भात निघाल्यावर शेत सपाट करून आखलेलं मैदान ते. तिथे ना कॅमेरा, ना रिव्ह्यू. पुरावा म्हणून जी काय असते ती चुन्याची रेघ, आणि तीच तुम्ही कामाला लावलीत. एवढी दूरदृष्टी खेळात क्वचितच पाहायला मिळते.

मग तुमचा तो युक्तिवाद! ‘धरला की नाही धरला? सगळ्यांनी बघितला ना?’ धरलात, साहेब. कोण नाही म्हणतंय? प्रश्न तुम्हाला धरायचा हक्क होता का, हा आहे. आणि नियम त्याबाबत अजिबात आढेवेढे घेत नाही. सीमेबाहेर गेलेल्या गड्याने चढाईपटूला धरलं, तर चढाईपटू नाबाद आणि तो गडी बाद. चढाई चालू असताना मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या अंगणात पाय टेकवून पकड केली, तरी तेच. गंमत बघा, ज्याला चढाईपटूने हात लावला आहे तो बिचारा बचावपटू मात्र पकड करू शकतो, कारण चढाईपटू मध्यरेषेला परत पोचेपर्यंत तो बाद ठरत नाही. हात लागलेल्याला मुभा आहे, बाहेर गेलेल्याला नाही. तुम्ही नेमके दुसऱ्या वर्गातले.

लॉबीचंही सांगतो, कारण तुमच्या समर्थकांनी तो गोंधळ मुद्दाम वाढवला. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची पट्टी ही लॉबी. स्पर्श होईपर्यंत ती कुणाचीच नसते. म्हणजे तोवर खेळायला ८ मीटरच. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की ती मैदानात धरली जाते. त्या रात्री तुमच्या कव्हरला स्पर्श झालेला होता, त्यामुळे लॉबी तुम्हाला खुलीच होती. एक अख्खा मीटर जास्तीचा मिळाला होता! तोही तुम्हाला पुरला नाही.

या भानगडीत तुम्ही एकटे नाही, एवढा दिलासा घ्या. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, एशियाडची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण, २८-२८. पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग तिकडे. एकटा पवन बाद, की मागे गेलेलेही बाद? निर्णय फिरत राहिला, सामना थांबला, खेळाडू मैदानातच बसून राहिले. अखेर भारताला तीन गुण आणि इराणला एक, असा निकाल लागला आणि आपण ३३-२९ ने सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी पोलादपूरच्या चहाच्या टपरीवर ‘मागे गेलेले पण बाद, नियम म्हणजे नियम!’ असं टेबल बडवून सांगणाऱ्यांत आपणही होतात, असं ऐकिवात आहे.

अमेरिकेत तर याहून कडक. त्यांच्या फुटबॉलमध्ये ११ जणांपैकी पुढच्या फळीतल्या मधल्या पाच धिप्पाड गड्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलायची परवानगीच नाही. त्यांचे क्रमांकसुद्धा राखीव, ५० ते ७९. त्यांच्यापैकी कुणाला झेलायचं असेल, तर डाव सुरू होण्याआधी पंचांना तसं कळवावं लागतं. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसविरुद्धच्या सामन्यात डेट्रॉइटच्या ६८ क्रमांकाच्या टेलर डेकरने दोन गुणांचा झेल घेतला. झेल निर्विवाद होता. पण पंचांनी परवानगी जाहीर केली होती ७० क्रमांकाच्या गड्याची. डेकर म्हणतो मी कळवलं होतं. पंचांनी मानलं नाही. गुण गेले, डेट्रॉइट २०-१९ असं हरलं. आणि हो, तिथेही आपणहून रेषेबाहेर जाऊन आलेल्याला सर्वांत आधी चेंडूला हात लावता येत नाही. बघा, तुमची कीर्ती कुठवर पोचली आहे.

आता थोडं पंचांविषयी. त्यांना मी फार दोष देत नाही. शंभर माणसं अंगावर धावून आली, आयोजकांनी कानात काहीतरी सांगितलं, आणि ‘चढाई पुन्हा घ्या’ असा तोडगा निघाला. दम संपलेल्या त्या पोराने पुन्हा चढाई केली आणि या वेळी तुम्ही त्याला रेषेच्या आत धरलं. बिरवाडीच्या कारखान्यात रात्रपाळी करून खेळायला आलेला मुलगा तो. काही न बोलता त्याने बॅग उचलली आणि शेवटच्या टमटमने गेला. चषक तुमच्या गावच्या देवळात ठेवला आहे असं कळलं. देवाला हिशेब विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, हे तुमच्या पथ्यावर पडलं.

माझी विनंती एवढीच. पुढच्या मोसमात पाय बाहेर गेला, तर हात वर करा, स्वतःहून बाहेर या आणि बाद गड्यांच्या रांगेत जाऊन बसा. लोण बसलं तरी चालेल, फक्कीला हात लावू नका. आणि त्या रात्रीच्या चढाईचा निकाल तुम्हाला अजून कुणी स्पष्ट सांगितला नसेल, तर मी सांगतो: चढाईपटू नाबाद, तुम्ही बाद.

कळावे,
आपला,
बाजूरेषेला बसणारा एक प्रेक्षक, महाड