श्रीमान अंगठेबहाद्दर यांस

श्री. रा. रा. अंगठेबहाद्दर काका यांसी,

जामसर, तालुका जव्हार येथून एका हौशी प्रकाशकाचा कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपलं नाव ठाऊक नाही, म्हणून अंगठ्यावरून हाक मारतो आहे, राग नसावा. बोहाड्याच्या मुखवटेधारी सोंगांवरच्या आमच्या पुस्तकाची जी पीडीएफ आपण तयार केलीत, तिच्या जवळपास प्रत्येक पानाच्या कडेला हा अंगठा हजर आहे. नखावर उभी चीर, सांध्याला औषधाची गुलाबी पट्टी. ही पट्टी मी आधी पाहिली होती. साहित्य संमेलनाच्या ग्रंथदालनात, आमच्या गाळ्यावर, आपण पुस्तक मधोमध उघडून दाबून पाहत होतात तेव्हा. मला वाटलं, चोखंदळ गिऱ्हाईक आहे, बांधणी तपासतंय. पान सपाट बसतं की नाही हे आपण कोणत्या कामासाठी पाहत होता, ते आता उमगलं.

पीडीएफ मला मिळाली ती आमच्याच तालुक्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप समूहावर. वर मजकूर होता: ‘दुर्मीळ पुस्तक. जरूर वाचा आणि पुढे पाठवा.’ दुर्मीळ! तीनशेची आवृत्ती काढली होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त प्रती माझ्या पलंगाखाली आहेत आणि त्यांच्यावर यंदा मांजर व्यायली. दुर्मीळ काय असेल तर ते पुस्तक विकत घेणारा माणूस.

तर त्या दिवसाची आठवण करून देतो. आमचा गाळा मांडवाच्या अगदी शेवटी, जनरेटरच्या कुशीत. (उद्घाटनाला पालखीतून पुस्तकं मिरवली, ती वाहणाऱ्यांपैकी एकही पाऊल आमच्या रांगेपर्यंत आलं नाही. पण हे दुखणं जुनं आहे, त्यावर आज शाई खर्च करत नाही.) आपण आलात. अंगात झब्बा, झब्ब्यावर वारली नक्षी. तारप्याभोवतीचा नाच होता, आणि शिवताना शिंप्याने तारपावाल्यालाच बगलेत कापलं होतं. आपण पुस्तक उचललंत, किंमत पाहिलीत, खाली ठेवलंत.

“सवलत किती?”

मी म्हटलं, दहा टक्के.

“पलीकडे पन्नास टक्के देतायत.”

पलीकडे यशाची गुरुकिल्ली विकत होते, तिचे दर वेगळे असतात. मग आपण विचारलंत, “जामसर कुठे आलं?” मी म्हटलं, जव्हारजवळ, पालघर जिल्हा. आणि आपण म्हणालात, “म्हणजे ते कुपोषणवालं! तिथे पुस्तकं काढतात?”

काका, १९९२ मध्ये वावर-वांगणीत मुलं दगावली आणि जव्हारचं नाव वर्तमानपत्रांत आलं. ते जे तिथे चिकटलं ते चिकटलंच. त्या मुलांबद्दल विचारायला आपण आला असतात तर मी गाळा सोडून बोललो असतो. पण आपल्याला फक्त ओळख पटवायची होती. असो. यावरही शाई खर्च करत नाही.

पुढचा प्रश्न होता, “याची पीडीएफ नाही का?” मी नाही म्हटलं. मग घासाघीस करून आपण एक प्रत घेतलीत आणि वर पिशवी मागितलीत. विकत घेतलीत, हे मी नाकारत नाही. हिशेबात ती विक्री आहे.

आता थोडा धंद्याचा हिशेब, कारण आमच्यासारख्यांचं पोट पुस्तकावर चालतं असा आपला समज दिसला. “प्रकाशक काय, छापतात नि कमावतात,” असं आपण सोबतच्या गृहस्थांना म्हणालात ते मी ऐकलं. दिवसा मी कचेरीत कारकुनी करतो. रात्री मुद्रितं तपासतो. छपाई नाशकात, आणि गठ्ठे येतात एसटीने. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून लोक अभिनंदन करतात. पण कागदावर आहे, छपाईवर आहे, आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे तो भरलेला कर परत मिळत नाही. विक्रेत्याला प्रत द्यावी तर चाळीस टक्के त्याचे, आणि उरलेले साठ कधी येतील ते देवाला माहीत. पुस्तकांसाठी टपालाची एक स्वस्त रजिस्टर सेवा होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यानंतर काही महिने कोल्हापूरच्या वाचकाला पातळसं पुस्तक पाठवायचं तर वाहणावळ किमतीच्या मानेवर बसायची. आणि फुकट मागण्यात आपण एकटे नाही, सरकारही आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं एशियाटिकच्या इमारतीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी या चार ठिकाणी प्रकाशकाने स्वखर्चाने धाडायच्या. मी धाडतो. आनंदाने धाडतो. एशियाटिकच्या त्या पायऱ्या चढून बोहाड्याचं सोंग आत जाऊन बसतं, याचं मला भारी वाटतं. पण ते पुस्तक जसंच्या तसं ठेवतात, काका. पानं गाळत नाहीत.

तिथे येतोच. त्याआधी एक कबूल करायला हवं, नाहीतर आपण म्हणाल हा प्रकाशक म्हणजे वाचकाचा वैरी. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर बड्या विलायती प्रकाशकांनी खटला भरला होता आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ते हरले. तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. ज्याला परवडत नाही त्याने नक्कल करून शिकावं, यात मला पाप दिसत नाही. आमच्या भागात पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि कंपासपेटी. खोडाळ्याच्या मुलाने माझं पुस्तक कुठून आणायचं? त्याच्यापर्यंत मला गेल्या दोन वर्षांत पोचता आलं नाही, आपली पीडीएफ एका रात्रीत पोचली. आमच्याकडे संध्याकाळी माणसं रेंजसाठी टेकडीवर चढतात. तिथे उभं राहून पोरं आपला अंगठा बाजूला सारून नरसिंहाचं सोंग मोठं करून पाहत होती. हे मी स्वतः पाहिलं.

आणि खरं सांगू? ती पीडीएफ मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली तेव्हा माझा राग मध्येच पातळ झाला. एकेक पान आपण सरळ धरलंय. कुठे सावली पडली तर पुन्हा काढलंय. कडेला दिसतं ते मेणकापड, पाण्याचा तांब्या, चष्म्याचं घर. एका पानावर मागे कुणाची तरी औषधांची पाकिटं आहेत, सकाळ-दुपार-रात्र लिहिलेली. रात्री उशिरा कुणाच्या तरी उशाशी बसून आपण हे केलं असावं असं मला उगाच वाटून गेलं. शहाण्णव पानं. ज्यांना मी सप्रेम भेट दिली त्या समीक्षकांपैकी कुणी इतकी पानं उलटली असतील, याची मला खात्री नाही. एवढ्या मेहनतीने पुस्तक हाताळणारा वाचक मला संमेलनात दुसरा भेटला नाही. ही आमच्या धंद्याची थट्टा समजा.

पण काका, शहाण्णव नाहीत. पंच्याण्णव आहेत.

चौथं पान नाही.

प्रथम वाटलं, राहून गेलं असेल. मग मुखपृष्ठ पाहिलं. आमचं मुखपृष्ठ काढून तिथे हिरव्या रंगावर समईचं चित्र, आणि खाली ‘संकलन’ असं लिहून आपल्या समूहाचं नाव, क्रमांकासकट. तेव्हा कळलं की चौथं पान राहिलेलं नाही, काढलेलं आहे. त्या पानावर प्रकाशनाचं नाव, पत्ता आणि किंमत होती, ते आपल्याला अडचणीचं झालं असेल, समजू शकतो. पण त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक टायपात चित्रसूची होती. कागद वाचवायला प्रत्येक छायाचित्राखाली नाव न देता मी ती सगळी नावं तिथे एकत्र दिली होती. कोणतं सोंग, कोणत्या घराचं, चित्रात कोण उभं आहे.

बोहाडा आपण पाहिला नसेल, म्हणून सांगतो. मोखाड्याकडे होळीनंतरच्या दिवसांत रात्र-रात्र सोंगं निघतात. गणपती येतो, शारदा येते, रावण, भीम, नरसिंह, आणि शेवटी जगदंबा नि महिषासुराचं युद्ध. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे जड मुखवटे, पुढे टेंभे, बाजूला संबळ आणि पिपाणी. मुखवट्याच्या आत माणूस असतो, आणि तो कुणीही नसतो. सोंगाचा मान घराण्याकडे असतो. बाप थकला की मुलगा उचलतो. रात्रभर हजार लोक रावण पाहतात, त्यांतल्या गावकऱ्यांना तो चालीवरून ओळखू येतो की अमक्याच्या घरचा आहे. बाहेरच्यांना नाही. मुखवट्यामागची तीच नावं कागदावर आणायची, यासाठी मी पुस्तक काढलं. मुखवट्यांचे फोटो कुणीही काढतं. दर वर्षी शहरातून गळ्यात कॅमेरे अडकवून गाड्या भरून येतात, आणि छापून आलं की खाली असतं: ‘पारंपरिक मुखवटा घातलेला आदिवासी’.

आपल्या झब्ब्यावरच्या नाचाचीही हीच कथा. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या वारली बायकांची नावं कुणी विचारली नाहीत. सत्तरच्या दशकात डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले, तेव्हा त्या रेघांना बाहेरच्या जगात एका माणसाचं नाव मिळालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि तरी झब्बे, कप, पायपुसणी छापणं चालूच आहे, नावाशिवाय.

गेल्या आठवड्यात मला एक फोन आला. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून. मुलगा मोखाड्याच्या बाजूचा; दिवाळी झाली की घरं उचलून भट्टीवर जातात त्यांतला. कुणा नातेवाइकाकडून माझा नंबर मिळवलेला. पुस्तक मोबाइलवर आलं होतं, त्याने सगळं पाहिलं होतं. म्हणाला, “दादा, नरसिंहाच्या फोटोत माझा आजा आहे. तो आता नाही. तुम्ही त्याचं नाव का नाही टाकलं? सगळे आमच्याकडून घेऊन जातात नि नाव टाकत नाहीत. तुम्ही तर इथलेच ना.”

मी काय बोलणार? टाकलंय रे, चौथ्या पानावर टाकलंय, म्हटलं. तो म्हणाला, चौथं पान नाही.

काका, इथे माझी थट्टा संपली. एकशेवीस रुपयांचं मला काही नाही. हजार लोकांना पाठवा, लाख लोकांना पाठवा, मला एक पैसा नको. पण एका माणसाचं नाव कात्रीने कापून तिथे समई लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आयुष्यभर तो माणूस मुखवट्याच्या आत होता. मेल्यावर एका पानावर त्याचं नाव आलं. पावणेदोन इंच जागा होती ती! तेवढीही आपल्या साहित्यसेवेला जड झाली? आणि मग त्याच्या नातवाकडून चोर म्हणून मी ऐकून घ्यायचं?

संमेलनाच्या निमित्ताने खरमरीत पत्र लिहिणारा मी पहिला नव्हे. रानडे-लोकहितवादींनी १८७८ मध्ये ग्रंथकारांना एकत्र केलं, आणि १८८५ मध्ये दुसऱ्या सभेचं बोलावणं गेलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. त्यांचा प्रश्न मोठा होता, ज्यांच्या जगण्याशी तुमच्या ग्रंथांचा संबंध नाही त्यांनी तुमच्यात येऊन करायचं काय, असा. माझं भांडण एका पानाचं आहे. संमेलनाला मी पुढच्या वर्षीही येणार, जनरेटरजवळच बसणार, आणि आपण आलात तर पिशवीही देणार.

फक्त एक काम करा. या पत्रासोबत चौथं पान पाठवतो आहे. फोटो मीच काढला आहे, दोन्ही अंगठे चौकटीबाहेर ठेवून. ती पीडीएफ ज्या ज्या समूहांवर आपण टाकली, त्या प्रत्येकावर हे पान टाका. वर काही लिहायची गरज नाही; समई तर नकोच. भिवंडीच्या मुलाला मी स्वतः पाठवलं आहे, पण त्याच्या भट्टीवर अजून बरेच जण आहेत, आणि त्यांना पुस्तक आपल्याकडूनच गेलंय. आमच्याकडे टेकडीवर चढावं लागतं. आपल्याकडे रेंज घरात असते. आज रात्रीच पाठवा.

कळावे, लोभ होताच, तो असाच आवरता ठेवावा.

आपला,
प्रकाशक, मुद्रितशोधक आणि हमाल
जामसर

ता. क. आपल्या घरात जे कुणी आजारी आहे त्यांना लवकर आराम पडो. पुस्तकाची छापील प्रत अजून शिल्लक आहे. किंमत १२० रुपये, टपालखर्च वेगळा, सवलत नाही.