थरथर बसवण्याची घरगुती पद्धत

फोनची थरथर गेली आहे, हे घरात सगळ्यात उशिरा कळतं ते ज्याचा फोन असतो त्याला. बाकीच्यांना ते केव्हाच कळलेलं असतं, कारण त्यांचे फोन उचललेले नसतात. माझ्या बाबतीत गॅस सिलिंडरवाला दोनदा परत गेला, मेहुणा स्टेशनवर पाऊण तास ताटकळला आणि मी मात्र 'फोन सायलेंटवर होता' या एका वाक्यावर तीन आठवडे सुखात काढले. चौथ्या आठवड्यात स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, सायलेंटवर असला तरी थरथरतो ना तो?" सुख संपलं. पुढचं मार्गदर्शन अशाच प्रसंगात सापडलेल्या सज्जनांसाठी आहे.

पहिलं काम म्हणजे दोष मोटरीचाच आहे याची खात्री करणं. सेटिंगमध्ये कंपन बंद नाही ना, 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिलेलं नाही ना, बॅटरी वाचवण्याच्या नादात फोननेच थरथरीला रजेवर पाठवलेलं नाही ना, हे बघावं. सॅमसंगच्या बहुतेक फोनवर नंबर लावायच्या जागी स्टार हॅश शून्य स्टार हॅश दाबलं की चाचणीचा पडदा उघडतो, त्यातलं कंपनाचं बटण दाबावं. मी दाबलं. फोन ढिम्म. एकदाच, वैतागून टेबलावर जरा जोरात ठेवला तेव्हा, बाटलीत अडकलेल्या माशीसारखा 'झिर्र' म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

"आत काहीतरी गेलं असेल. उघडून एकदा पुसून बघा," ही म्हणाली. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट, गॅसचा लायटर, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल या सगळ्यांवर हाच एक उपचार चालतो, ओढणीच्या टोकाने पुसणं. मी शांतपणे सांगितलं की ही इलेक्ट्रोमेकॅनिकल बाब आहे. असा शब्द वापरला की घरात काही काळ शांतता नांदते.

मोटर आकाराने शर्टाच्या बटणाएवढी असते. व्यास आठ ते दहा मिलिमीटर, जाडी जेमतेम तीन. आत एका बाजूला जड असलेलं वजन असतं आणि ते मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतं. वजन मुद्दामच मध्यभागी बसवलेलं नसतं. वॉशिंग मशीनमध्ये सगळे ओले टॉवेल एका बाजूला गोळा झाल्यावर मशीन जे करतं, तेच हे बटण तुमच्या खिशात करतं. महागड्या फोनात हे गोल फिरणं नसतं. तिथे स्प्रिंगवर बसवलेलं वजन पुढेमागे सरकतं. आयफोनने २०१५ च्या सिक्स-एसपासून जे टॅप्टिक इंजिन बसवलं, ते या जातीचं. तुमचा फोन त्यातला असेल तर हा लेख इथेच मिटून ठेवावा. माझा फोन साध्या जातीचा आहे, मीही.

सुटा भाग आणायला तापकीर गल्लीत गेलो. तिथे 'कंपन मोटर' म्हणू नये, 'व्हायब्रेटर' म्हणावं आणि मागचं झाकण दाखवण्यापेक्षा मॉडेल नंबर लिहून न्यावा. "काका, रिंग ठेवा की सरळ," असा सल्ला दुकानातल्या मुलाने फुकट दिला. व्हायब्रेटरचे दीडशे घेतले. बसवून देण्याचे तीनशे सांगितले. ते तीनशे वाचवण्यासाठी मी बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, झाकण उघडायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि बी-सात हजार नावाच्या गोंदाची ट्यूब अशी साडेचारशेची खरेदी केली. हिशेब कोणी विचारला नाही, मी सांगितला नाही.

आता कृती. फोन बंद करावा. सिमचा ट्रे आधी बाहेर काढावा. तो आत असताना झाकण ओढलं की ट्रे तरी मोडतो नाहीतर धीर तरी. मग मुलीचा ड्रायर घेऊन मागच्या झाकणाच्या कडा फिरवत फिरवत शेकाव्यात. एकाच जागी धरू नये, खाली बॅटरी असते. हाताला चटका न बसता नीट गरम लागेल इतपत पुरे. गोंद नरम पडला की मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत सरकवून हळूहळू चहूबाजूंनी फिरवावं. फार आत घालू नये. काही फोनांत बोटाच्या ठशाची चिंधीएवढी पट्टी झाकणाला जोडलेली असते आणि झाकण थाळीसारखं झटकन उचलणाऱ्याचा अंगठा फोन पुढे कधीच ओळखत नाही. आणि झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, तर सगळं तिथेच सोडून दुकानात जावं. ही एक ओळ मी गंभीरपणे लिहितो आहे. बॅटरीला टोचणं, वाकवणं, खरवडणं यातलं काहीही करू नये. ती पेट घेते.

वॉरंटी या क्षणी संपते. फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचं जे काही खोक्यावर लिहिलं होतं, तेही संपतं.

आत स्क्रू असतात आणि ते दिसायला सारखे असले तरी लांबीला सारखे नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि मग थरथरीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून प्रत्येक जागेचा स्क्रू वेगळा ठेवायचा. यासाठी मिसळणाच्या डब्यासारखं साधन जगात नाही. सात वाट्या, एक झाकण, आणि कुठल्या वाटीत काय हे कधीच विसरायला न होणारी मांडणी. मी हळद आणि जिरं बशीत काढून ठेवलं. मोहरी काढायचा कंटाळा केला. या निर्णयाचे परिणाम गुरुवारच्या आमटीत दाताखाली आले.

स्क्रू निघाले की वरची पट्टी उचलून सर्वांत आधी बॅटरीचा जोड सोडवावा, प्लॅस्टिकच्या टोकाने, धातूच्या नव्हे. मग खालचा स्पीकर काढला की कोपऱ्यात मोटर दिसते. तिच्या पोटाशी दोन इवल्या स्प्रिंगा असतात आणि त्या बोर्डावरच्या दोन सोनेरी ठिपक्यांवर टेकतात. वीज एवढ्याच वाटेने जाते. माझ्या फोनात ते ठिपके सोनेरी नव्हते; जुन्या समईच्या वातीखाली असतो तसा त्यांच्यावर काळपट थर होता. नवीन भाग बसवताना जागा स्वच्छ करावी असा नियम आहे, म्हणून कानकाडीला अल्कोहोल लावून ते घासले. कापूस काळा झाला. ठिपके चकाकले. मला फार समाधान वाटलं आणि दुसरं काहीही वाटलं नाही.

जुनी मोटर दुहेरी चिकटपट्टीवर बसलेली होती, ती पट्टीने उचकटून काढली, नवी दाबून बसवली. झाकण चिकटवण्याआधी फोन चालू करून बघावा, ही शिस्त मी पाळली. बटण दाबलं. फोन थरथरला. टेबल थरथरलं. चहाच्या कपात वलयं उठली. मी घरच्यांना बोलावलं, आणि ते आलेही. मग गोंदाची बारीक रेघ, झाकण, त्यावर भाजीच्या जुड्यांची रबरबँड्स, आणि रात्रभर फोन ज्ञानेश्वरीखाली दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेसाठी काहीतरी चालणारं करून न्यायचं होतं. तिने जुनी मोटर मागितली. "बंद पडलीय ती," मी म्हणालो. तिने वजनकाट्यातला तीन व्होल्टचा बटण सेल काढला आणि मोटरीच्या दोन स्प्रिंगांना टेकवला. मोटर तिच्या चिमटीतून उडून जमिनीवर पडेल इतकी जोरात फिरली.

ही चाचणी झाकण उघडल्यावर लगेच करायची असते. या लेखात ती दुसऱ्या परिच्छेदानंतर यायला हवी होती. पण मी कृती जशी केली त्या क्रमाने लिहिली आहे.

"ते ठिपके पुसले होतेत ना तुम्ही?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"हो."

पुढे कोणी काही बोललं नाही. जुनी मोटर सध्या कापलेल्या टूथब्रशच्या डोक्यावर बसून डायनिंग टेबलावर गोल गोल फिरते. नवीही उत्तम चालते. आत्ता खिशात तीच वाजते आहे, आणि मेहुण्याचा फोन आहे.