हनुवटीखालचे अतिक्रमण

मनुष्यदेहावरील कोणते वतन कोणत्या पूर्वजाकडून चालत आले, याचा निवाडा करणारी कचेरी विधात्याने अद्याप स्थापन केलेली नाही; तथापि जबडा आणि मान यांच्या सरहद्दीवर जी एक पुष्ट, मृदू आणि किंचित लोंबती अशी दुसरी हनुवटी माझ्या ठायी ठाण मांडून बसली आहे, तिची सनद आमच्या पितृकुलाचीच आहे, याविषयी दिवाणखान्यातील तसबिरी पाहिल्यावर कोणाही पंचाच्या मनात संदेह उरणार नाही. आजोबांची उपरण्याच्या आश्रयाने राहते आणि आत्याची ठुशी तिच्याखाली निम्मीअधिक गडप झालेली असते. माझ्या वाट्याला मात्र ना उपरणे, ना ठुशी.

वास्तविक सुबत्ता अंगावर दिसावी लागे त्या काळी असल्या ऐवजाचा कोणी संकोच केला नसता. वाल्मीकिरामायणाच्या आरंभी नारदमुनी प्रभू रामचंद्रांची देहलक्षणे सांगताना शंखासारखी मान, भव्य हनुवटी आणि मांसात दडलेली गळ्याची हाडे यांचा गौरवाने उल्लेख करतात. हल्लीच्या एखाद्या व्यायामशिक्षकाच्या नजरेस यांतील शेवटचे लक्षण पडते, तर त्याने प्रभूंचा भात तत्काळ बंद करविला असता. माझा भात बंद झालाच. पोट उतरले, गाल उतरले, बोटातली अंगठी सैल झाली. हनुवटीखालचे कूळ मात्र कुळकायद्याचे संरक्षण असल्याप्रमाणे जागचे हलले नाही.

अखेर बेदखलीची दरखास्त घेऊन मी एका शस्त्रवैद्यांकडे गेलो. त्यांनी मला मान ताणावयास लावून ती मिळकत चिमटीत धरली आणि सांगितले की, मानेवर प्लॅटिझ्मा नावाचा जो पातळ, रुंद स्नायू असतो त्याच्या वर साचलेली चरबी नळीने ओढून काढता येते, खाली दडलेली तितक्या सहजी हाती लागत नाही. हनुवटीखाली व कानांच्या पाळ्यांमागे बारीक छेद द्यावयाचे, भूल पाण्यात पातळ करून टोचावयाची, आणि काम झाल्यावर जबड्याभोवती आवळपट्टा बांधून हिंडावयाचे. नळीचे भय वाटणाऱ्यांसाठी डीऑक्सिकोलिक आम्लाच्या सुया आहेत. हा पदार्थ मूळचा पित्तातला, अन्नातील स्निग्धांशाचा समाचार घेणारा. अमेरिकेत 2015 साली त्याला या कामाची परवानगी मिळाली. त्वचेवर चौकटी आखून सेंटिमीटर-सेंटिमीटरवर टोचीत जावयाचे, एका बैठकीत 50 पर्यंत, आणि अशा बैठका महिन्याच्या अंतराने फार तर 6. एवढी काटेकोर मोजणी आमच्या शेताचीही कधी झाली नव्हती. पण मोजणीने शेत सुजत नाही, आणि येथे आरंभी अतिक्रमण दुप्पट झाल्याचा देखावा होतो म्हणे.

मग संमतिपत्र पुढे आले. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूस इजा झाल्यास हसू काही काळ वाकडे होण्याचा संभव आहे, असे त्यात एक कलम होते. माझे हसणे कुत्सित असते अशी आमच्या कुटुंबाची जुनी तक्रार आहे. तिला वैद्यकीय दाखला जोडून देणे मला परवडणारे नव्हते.

या विद्येविषयी अनादर मात्र माझ्या मनात नाही. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानाला कपाळाच्या कातड्याचे नवे नाक करून देणारा कारागीर आमच्या पुण्याकडचाच, आणि त्याची हकिकत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली. परंतु कावसजीला नाक कमी होते. एक हनुवटी जास्त असल्याचे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्याचा चेहरा करणे मला अवघड गेले.

आत्याने सारी हकिकत सुपारी कातरीत ऐकली.

“काढलेली चरबी घरी देतात का रे?”

“नाही, आत्या.”

“मग पैसे कसले घेतात?” अडकित्ता मिटून ती म्हणाली, “आमच्या दादाचंही असंच होतं. त्यानं सरळ दाढी वाढवली. वर्षभरात लोक पाया पडायला लागले.”