पार्श्वभूमी धूसर, चेहरा ठळक

पनवेलच्या फ्लेक्सना नावे ठेवणाऱ्यांना भिंगशास्त्र कळत नाही. भावी नगरसेवकाचा वाढदिवसाचा फोटो फुल फ्रेमवर ८५ मिमीने काढावा, एपीएस-सीवर ५६ने, मायक्रो फोर थर्ड्सवर ४२.५ने, की मीडियम फॉरमॅटवर थेट ११०ने, यावर वडाळे तलावाकाठी रीतसर खल होतो. चौघांचा दृश्यकोन जवळजवळ सारखाच. नाक किती पुढे येणार हे फोटोग्राफर किती दूर उभा आहे यावर ठरते. पण असे क्षुद्र भौतिकशास्त्र समारंभात काढू नये. ११०च्या धुसरपणात म्हणे सात्त्विक लोणी असते, ४२.५ला तेवढे खानदान नाही.

ही सूक्ष्मदृष्टी वाया जाऊ नये. २०१६पासून महानगरपालिका मिरवणाऱ्या या शहरात उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांच्या रकान्याशेजारी भिंगाचे छिद्रही नोंदवावे. एफ/१.२ असल्यास ‘मागचे काहीही दिसत नाही’ हा दाखला आपोआप मिळावा.

अखेर ११०च जिंकले. फोटो फ्लेक्सवाल्याकडे गेला. त्याने दादांना कानाच्या कडेकडेने कातरले, लोण्यासकट पार्श्वभूमी फेकली आणि मागे डरकाळी फोडणारा सिंह चिकटवला. सिंह नाकापासून शेपटीपर्यंत कडक फोकसमध्ये आहे.