पसंतीक्रम फक्त आमदारांनाच का?

लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाइतकाच आनंद मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना झाला. २०१९च्या अखेरीस ते वडिलांच्या गावी येऊन गेले तेव्हाही कौतुक झालं. आपण आडनाव तेवढं उचललं. हा माणूस ज्या पद्धतीने निवडून आला ती बघण्याची तसदी कुणी घेतली नाही. खरं तर ती पद्धत आपल्या महाराष्ट्रातही आहे. फक्त ती सामान्य मतदाराच्या हाती दिलेली नाही.

८ फेब्रुवारी २०२० रोजी आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. पंतप्रधान वराडकर डब्लिन वेस्टमधून उभे होते आणि तिथून चार जण निवडून द्यायचे होते. पहिल्याच फेरीत शिन फेन पक्षाचे पॉल डॉनेली निवडून आले. पंतप्रधान ताटकळले. दुसरी, तिसरी, चौथी फेरी झाली. पाचव्या फेरीत, इतर उमेदवारांकडून फिरून आलेल्या मतांवर, वराडकर एकदाचे आत गेले. सत्तेवरच्या माणसाला दुसऱ्याच्या मतदारांपुढे हात पसरायला लावणारी ही पद्धत मला मनापासून पटते.

मतपत्रिकेवर सगळे उमेदवार असतात, फोटोसकट. मतदार त्यांच्यापुढे १, २, ३ असे आकडे घालतो, हवे तितके आणि हव्या त्या पक्षाच्या माणसाला. प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडायचे असतात. जिंकायला किती मतं लागतील, त्याचा कोटा ठरतो. चार जागा आणि पन्नास हजार वैध मतं असतील तर कोटा १०,००१. कोट्यापेक्षा जास्त मतं मिळवणाऱ्याची वरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. सगळ्यात खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या गठ्ठ्यातलं प्रत्येक मत पुढचा आकडा ज्याच्यापुढे आहे त्याच्याकडे सरकतं. चारही जागा भरेपर्यंत हेच चालतं. 'निवडून येणार नाही, मग मत कशाला वाया घालवायचं' हे आपल्याकडचं हुकमी वाक्य तिथे चालत नाही.

मोजणी तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. सकाळी पेट्या उघडतात आणि कर्मचारी लांब टेबलांवर मतपत्रिका एकेक करून उलगडतात. कठड्याच्या अलीकडे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून ओणवे झालेले असतात. हातात पॅड, नजर समोरच्या कागदावर. पहिली पसंती दिसली की नावापुढे एक रेघ. कोणत्या पेटीत, म्हणजे कोणत्या वस्तीत, कोणाला किती मतं पडली हे दुपारपर्यंत त्यांच्या वहीत आलेलं असतं. एरवी एकमेकांचे गळे धरणारे पक्ष हे आकडे आपसात जुळवून घेतात. अधिकृत निकाल मागाहून येतो, पण तोवर त्यावर संशय घ्यायला जागाच उरलेली नसते.

तिथल्या सरकारलाही एकदा मतदान यंत्रांचा मोह झाला होता. २००२ साली तीन मतदारसंघांत प्रयोग केला. डब्लिन नॉर्थमध्ये माजी न्यायमंत्री नोरा ओवेन यांना आपला पराभव व्यासपीठावर एका झटक्यात कळला. लोकांना तो प्रकार निर्दय वाटला. पुढे कागदी पुराव्याचा प्रश्न आला आणि पाच कोटी युरोंहून जास्त खर्चून घेतलेली यंत्रं गोदामात पडून राहिली. २०१२ साली ती भंगारात निघाली, जेमतेम सत्तर हजार युरोंना. पैसे बुडाले, पण जनतेचा विश्वास बसत नाही म्हटल्यावर सरकारने हट्ट सोडला. असं सरकार मला चालेल.

आता खरी गोष्ट. ही पसंतीक्रमाची पद्धत आयरिश राज्यघटनेतच लिहिलेली आहे, त्यामुळे ती बदलायची तर जनतेला विचारावं लागतं. सगळ्यात मोठा पक्ष असलेल्या फियाना फॉलला ती खुपत होती, कारण तिच्यामुळे एकहाती बहुमत सहज मिळत नाही. १७ जून १९५९ रोजी त्यांनी सार्वमत घेतलं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचीही निवडणूक होती आणि उमेदवार होते पक्षाचे सर्वेसर्वा एमन डी व्हॅलेरा. लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांचाच प्रस्ताव पाडला. १९६८ साली पक्षाने पुन्हा विचारलं, तेव्हा तर साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी नकार दिला. नेत्यावर जीव टाकायचा, पण मताचा हक्क त्याच्या हवाली करायचा नाही, इतकी समज त्या मतदाराला होती.

दोष आहेतच. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध लढतात, त्यामुळे खासदार रस्ते, गटारं आणि दाखले यांतच अडकतो. मोजणी कधी कधी चार-पाच दिवस रेंगाळते. त्याने काय बिघडतं? पाच वर्षांचा कारभार ठरवायला पाच दिवस जास्त नाहीत.

आता आपल्याकडे या. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार जांभळ्या पेनाने १, २, ३ असेच आकडे घालतात. जून २०२२मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेवर कोल्हापूरचेच दोघे समोरासमोर आले आणि धनंजय महाडिकांनी संजय पवारांना दुसऱ्या पसंतीच्या मतांवर हरवलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पहाटेपर्यंत जागा होता. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही पसंतीक्रमच असतो. म्हणजे आमदार झालात किंवा पदवी घेतलीत तर तुमच्या दुसऱ्या पसंतीला किंमत. बाकीच्यांनी एक बटण दाबायचं आणि घरी जायचं.

'सामान्य माणसाला हे जमणार नाही' असं कुणी म्हणत असेल तर त्याने पदवीधर मतदारसंघात हजारोंनी बाद होणारी मतं बघावीत. आयर्लंडमध्ये २०२० साली शंभरात एकही मत बाद झालं नाही. पदवीमुळे फरक पडत नाही. पद्धत नेहमीच्या वापरातली असली की ती सगळ्यांना येते.

जानेवारी १९४९मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत मागितली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. मतदाराला निदान आकडे तरी ओळखता आले पाहिजेत, असं ते म्हणाले. त्या वेळच्या देशात ते बरोबरच होतं. आज दहा आकडी मोबाइल नंबर लावता न येणारा मतदार शोधून काढावा लागेल. त्यांचं दुसरं कारण स्थिर सरकारचं होतं. त्यावर वाद जरूर व्हावा. पण पक्ष फोडून पाडलेली आणि उभी केलेली सरकारं पाहिलेल्या महाराष्ट्राने स्थैर्याच्या नावाने या पद्धतीला नाक मुरडू नये.

लोकसभा तूर्त राहू द्या. पुणे, नाशिक, नागपूरच्या महापालिकांत चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आधीच आहेत. एकाहून अधिक जागांचा मतदारसंघ ही या पद्धतीची पहिली अट तिथे पुरी झाली आहे. आज तिथे मतदार चार जागांसाठी चार वेगळी मतं देतो. एखाद्या पक्षाची हवा असली की चाळीस टक्के मतांत चारही नगरसेवक त्याचे होतात आणि साठ टक्के लोकांचा सभागृहात माणूस नसतो. पसंतीक्रम आणला तर त्या साठ टक्क्यांतूनही कुणीतरी आत जाईल. आरक्षित जागांचा मेळ घालावा लागेल, मोजणीला वेळ लागेल, पण दोन्ही करता येण्यासारखं आहे. त्यासाठी दिल्लीलाही जायला नको, महापालिका निवडणुकीचा कायदा राज्याच्या हातात आहे. आणि विधानसभेत बसलेल्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. राज्यसभेची निवडणूक लागली की ते स्वतः हेच आकडे घालतात.